कॅनव्हासमागची चौकट : लाकडाची पारख

चित्रकलेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना रंगांबद्दल विचारावे, ती तासभर बोलतात. कोणता पांढरा रंग कालांतराने पिवळसर होतो, जवसाचे तेल किती घालावे, कोणता ब्रश कशासाठी वापरावा, हे सगळे त्यांना मुखोद्गत असते. परंतु चित्र ज्या चार लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवले आहे त्या पट्ट्या कसल्या लाकडाच्या आहेत, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते : "दुकानात मिळाल्या त्या घेतल्या." मी यात कोणाला नावे ठेवीत नाही. विद्यार्थिदशेत आणि त्यानंतरही काही वर्षे माझे उत्तर हेच होते, आणि त्यापायी मी एक चित्र जवळजवळ गमावले. ते पुन्हा काढणेही शक्य नव्हते, कारण ज्या गावाचे ते चित्र, ते गाव पुढे पाण्याखाली गेले.

1983 सालच्या मे महिन्यात मी जुन्या आंबेगावात आठ दिवस मुक्काम केला होता. घोड नदीच्या खोऱ्यातले हे गाव. तालुक्याला नाव या गावाचे, कचेरी मात्र घोडेगावला. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणात हे गाव जाणार, ही गोष्ट तेव्हा ओट्याओट्यांवर बोलली जात होती. मी नदीकाठावर बसून गावाची बरीच रेखाटने केली आणि जुन्नरला परतल्यावर त्यांवरून चार फूट बाय तीन फूट आकाराचे तैलचित्र करायला घेतले. एवढ्या मोठ्या चित्राला चौकटही तशीच भक्कम हवी, म्हणून वखारीत जाऊन मोठ्या ऐटीत "सागाच्याच पट्ट्या द्या" असे सांगितले. त्याच आठवड्यात चिरलेला साग मिळाला. वजनदार होता, रंगही सुरेख होता. कोपऱ्यांना सरस लावला, वर खिळे ठोकले, जाड मांजरपाट लोखंडी चुकांनी ताणून बसवले, त्यावर सरस आणि खडूचे अस्तर दिले आणि पाऊस पडत असतानाच चित्र पुरे केले.

दिवाळीपर्यंत सारे ठीक होते. थंडी पडू लागली तशी चौकटीची एक उभी पट्टी पिळली. चित्र भिंतीला लावले की तीन कोपरे टेकत आणि चौथा दोन बोटे पुढे येई. पुढच्या उन्हाळ्यात चित्राच्या कडेपासून दोन इंच आत, चारही बाजूंनी, चौकटीच्या आतल्या धारेची सरळ रेघ रंगात उमटली. पिळलेल्या कोपऱ्यात तिरप्या बारीक भेगा पडल्या. दोन पावसाळ्यांत चुका गंजल्या आणि गंजाभोवतीचे कापड बोट लावताच फाटू लागले. रंगात खोट नव्हती, कापडही चांगले होते. हे सारे चौकटीने केले, आणि चौकट मी निवडलेली होती.

या अनुभवानंतर जे शिकलो ते येथे मांडतो.

प्रथम चौकटीचे दोन प्रकार समजून घेतले पाहिजेत. कोपरे कायमचे पक्के केलेली ती साधी चौकट. इंग्रजीत तिला स्ट्रेनर म्हणतात. कोपऱ्यांत लाकडी पाचरी ठोकून जी किंचित मोठी करता येते ती ताणचौकट, म्हणजे खरा स्ट्रेचर. आपल्याकडे दुकानदार दोहोंनाही स्ट्रेचरच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. युरोपात कापडावर चित्रे काढण्याची पद्धत व्हेनिसमध्ये विशेष रुजली, कारण तेथल्या खारट दमट हवेत भित्तिचित्रे टिकत नसत आणि शिडांचे कापड मात्र मुबलक होते. पण पाचरीची चौकट सर्रास वापरात यायला अठराव्या शतकाचा मध्य उजाडला. तोपर्यंतची चित्रे पक्क्या चौकटीवरच ताणलेली असत. म्हणजे मी 1983 साली जे केले ते युरोपातल्या चित्रकारांनी दोनशे वर्षांपूर्वीच सोडून दिलेले होते!

आता लाकडाकडे वळू. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, हे आपण दाराखिडक्यांवरून जाणतोच. पण ते सर्व दिशांना सारखे हालत नाही. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत तंतूंच्या लांबीच्या दिशेने हजारात एकदोन भागच आकसते. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सागासारखे शांत लाकूडही शेकडा दोन ते तीन भाग आकसते, आणि वर्षवलयांना समांतर दिशेने त्याच्या जवळजवळ दुप्पट. याचा अर्थ असा की, चौकटीची लांबी ऋतूप्रमाणे फारशी बदलत नाही. तंतू पट्टीच्या लांबीला समांतर असतील, तर पट्टी वाळताना केवळ थोडी बारीक होते, आणि त्याने चित्राचे काही बिघडत नाही. तंतू तिरपे जात असतील, गाठीला वळसा घालून जात असतील, तर मात्र पट्टीची एक बाजू अधिक आकसते, दुसरी कमी, आणि पट्टीला बाक येतो किंवा पीळ पडतो. माझा साग ओला होता आणि त्याची रेघही तिरपी होती. दोन्ही दोष मला दिसण्यासारखे होते. मी पाहिले नाहीत.

कापडाचे वागणे याहून निराळे. सरस लावलेला कॅनव्हास कोरड्या हवेत ताठ होतो, कारण सरस आकसतो. दमट हवेत सरस मऊ पडतो आणि कॅनव्हास सैल होतो. हवा अगदीच ओली झाली तर पुन्हा उलटे घडते : भिजलेला दोर जसा आखडतो तसे घट्ट विणीचे कापड स्वतःच आखडते. म्हणजे वर्षभर कापड चौकटीला कधी ओढते, कधी सोडते. ही ओढाताण कोठेतरी सामावली गेली पाहिजे. कोपरे खिळ्यांनी बांधून टाकले की ती रंगाच्या थरात उतरते.

आपल्या भागात तर ही ओढाताण फारच आहे. जुन्नर तालुक्यात पश्चिमेला नाणेघाटाकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेला आळे-बेल्ह्याकडे तो काहीशे मिलिमीटरांवर येतो. आंबेगावचेही तसेच : भीमाशंकराच्या बाजूला धुक्यात कपडे वाळत नाहीत, आणि मंचरच्या पलीकडे लोक पावसाची वाट पाहतात. जुन्नर गावात श्रावणात भिंतींना ओल येते आणि मार्च-एप्रिलमध्ये ओठ फुटतात. पुस्तकात चौकटीचे लाकूड शेकडा दहा-बारा भाग ओलाव्याचे असावे असे सांगितलेले असते. ते योग्यच आहे. पण आपल्याकडे त्याबरोबर आणखी एक गोष्ट मी धरतो : चौकटीच्या लाकडाने एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच घरात काढलेला असावा. लाकूड कापून, पट्ट्या पाडून, मधे काड्या ठेवून रचून ठेवावे. वर्षानंतर जी पट्टी सरळ राहिली ती चित्राला, जी वाकली ती चुलीला. मुले म्हणतात, एवढे थांबायला वेळ कोणाला आहे? परीक्षेच्या चित्राला थांबू नये, हे मलाही मान्य आहे. पण जे चित्र आपल्याला जपायचे आहे त्यासाठी पट्ट्या आधी आणून ठेवाव्यात.

कोणत्या झाडाचे लाकूड घ्यावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि खरे सांगायचे तर तो तेवढा महत्त्वाचा नाही. तरी थोडक्यात सांगतो. साग उत्तम, कारण तो कमी हालतो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. सागाचे आयुष्य किती, याचा दाखला पाहायचा तर आपल्याच जिल्ह्यात कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तेथील छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच मानल्या जातात. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात त्याच कमानी दगडात कोरलेल्या आहेत. दगडाला लाकडाचे रूप देण्याचा मोह जुन्या कारागिरांना किती होता, ते तेथे कळते. असो. पण साग महाग आहे आणि जड आहे. मोठ्या चित्राला सागाची चौकट केली तर भिंतीवरचा खिळा विचारपूर्वक निवडावा लागतो.

शिवण हे लाकूड चौकटीला मला सागाइतकेच आवडते. ते सागाहून बरेच हलके असते, नीट वाळले की फारसे हालत नाही, आणि रंध्याखाली मऊ लागते. मात्र त्यातला सालीलगतचा पांढुरका भाग, म्हणजे रसकाष्ठ, घेऊ नये. देवदार आणि चीड ही हिमालयातली लाकडे. हलकी, सरळ रेघेची, चुका सहज धरणारी. बाजारात ज्याला 'देवदारी खोक्याचे लाकूड' म्हणतात ते बहुधा परदेशातून माल घेऊन आलेल्या खोक्यांचे पाइन असते. त्यातही चांगल्या पट्ट्या निघतात, पण गाठी फार. दोन फुटांच्या आतल्या चित्रांना गाठी टाळून ते खुशाल वापरावे. हल्ली दुकानात लहान तुकडे बोटांसारख्या खाचांनी जोडून केलेल्या पाइनच्या तयार पट्ट्या मिळतात. त्या सरळ असतात आणि लहान चित्राला पुरेशा आहेत. एम.डी.एफ.ची चौकट मात्र घेऊ नये. ती ओल पिऊन फुगते आणि फुगली की पूर्ववत होत नाही.

आंबा आणि सिल्व्हर ओक स्वस्त मिळतात. त्यांना कीड लवकर लागते. पट्टीखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली की ती पट्टी घराबाहेर काढावी, नाहीतर शेजारच्या चित्रांच्या चौकटींतही तीच भुकटी दिसू लागते. बाभूळ औताला चांगली. चौकटीला फार जड आणि कठीण, चूक आत जाण्याआधी वाकते. निलगिरी वाळताना इतकी पिळते की तिचे नाव न काढलेले बरे. हिरड्याबद्दलही एकाने मला विचारले होते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा करून अनेक घरांना चार पैसे मिळतात, तेव्हा तो झाडावरच शोभतो. भीमाशंकरचे रान 1985 पासून अभयारण्य आहे, आणि खाजगी रानातल्या झाडांनाही 1964 चा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. सबब 'ओळखीच्या माणसाकडून आणलेला ओंडका' या भानगडीत विद्यार्थ्यांनी पडू नये.

या सर्वांहून चांगले लाकूड मला मिळाले ते मोडलेल्या वाड्यातले. माझ्या बिघडलेल्या चौकटीला काय करावे हे विचारायला मी गावातल्या एका वृद्ध सुताराकडे गेलो होतो. त्यांनी चौकट हातात घेतली, एका डोळ्याने पट्टीच्या टोकाकडून पाहिले आणि हसले.

मी म्हटले, "आबा, चांगला साग आणला होता हो."

"मास्तर, झाडाचं नाव काय इचारता? रेघ बघा रेघ. सागातबी येडं लाकूड असतं. आन् ह्ये तर वलं व्हतं."

"मग घ्यायचं कोणतं?"

"ज्याचं हालून झालंय त्ये."

त्यांच्या पडवीत एका पडलेल्या वाड्याच्या कडीपाटाच्या कड्या रचलेल्या होत्या. धुराने काळ्या झालेल्या. कित्येक पिढ्यांच्या डोक्यावर राहिलेले ते लाकूड. त्याचे जे काही वाकायचे-पिळायचे ते केव्हाच झाले होते. त्यांनी एका कडीवरून रंधा फिरवला तर आत सोन्यासारखा साग निघाला. जुन्या लाकडात अडचणी दोनच : आत मोडून राहिलेले खिळे, त्यांनी करवतीचे दात जातात; आणि जुन्या किडीची भोके. भोकांतून ताजी भुकटी पडत नसेल तर ती भोके निरुपद्रवी समजावीत. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटची फेरी करण्याआधी आपल्याच गावात एखादा वाडा उतरवला जात आहे का, हे पाहावे.

पट्टी पारखण्याची रीत मी त्यांच्याकडून शिकलो. पट्टी डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरावा तसे तिच्या कडेवरून पाहावे. बाक लगेच दिसतो. पीळ असा दिसत नाही. त्यासाठी पट्टी सपाट फरशीवर किंवा काचेवर ठेवून चारही टोकांवर आळीपाळीने बोट दाबावे. डुगडुगली तर तिच्यात पीळ आहे. मग पट्टीच्या दोन्ही अंगांवरची रेघ पाहावी. पुढच्या अंगावर रेघ सरळ आणि बाजूच्या अंगावर तिरपी, असे पुष्कळदा असते, आणि घाईत आपण पुढचेच अंग पाहतो. माझे तसेच झाले होते. त्यानंतर कापलेल्या टोकाकडे पाहावे. तेथे वलयांच्या रेषा पट्टीच्या रुंद बाजूला उभ्या येत असतील तर पट्टी सपाट राहते. आडव्या, धनुष्यासारख्या असतील तर ती पन्हळीसारखी होण्याचा संभव असतो. ओलावा पाहण्याचे यंत्र आता मिळते, पण ते नसले तरी अडत नाही. पट्टीचा एक तुकडा वाण्याच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावे. दर आठवड्याला पुन्हा तोलावे. सलग तीन आठवडे वजन उतरले नाही की लाकूड त्या हवेला सरावले. हे वजन पावसाळ्यात करू नये, कारण तेव्हा वाळलेले लाकूडही जड भरते.

लाकूड निवडले तरी पट्टीचा घाट चुकला तर पुन्हा तेच. कॅनव्हास पट्टीच्या फक्त बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे. तेथून आतल्या बाजूला पट्टीला उतार हवा, निदान पाव इंचाचा. उतार नसला की ब्रशच्या दाबाने कापड पट्टीच्या आतल्या धारेवर घासते आणि मी सांगितली ती रेघ उमटते. दुकानातल्या चौकटीवर हात फिरवून पाहा. पुष्कळ चौकटींना हा उतारच नसतो. दोन फुटांपर्यंतच्या चित्राला दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड पट्टी पुरते. तीन-चार फुटांच्या चित्राला सव्वादोन ते अडीच इंच रुंद, एक ते सव्वा इंच जाड पट्टी घ्यावी आणि मधे एक आडवी पट्टी द्यावी. ही मधली पट्टी कापडापासून मागे सरकवून बसवायची असते.

मधल्या पट्टीचे काम चौकट जड करण्याचे नाही. ताणलेले कापड चारही पट्ट्यांना आत ओढते आणि लांब पट्टी मध्यावर आत वाकते, ती वाकू नये म्हणून तो टेकू. ताण आणि चौकट यांचा हा हिशोब मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर नारायणगावजवळ खोडदला जावे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची, आणि त्यांवर पत्रा नाही : पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे. वारा आरपार जातो, म्हणून मागचा सांगाडा हलका ठेवता आला. मी तेथे विद्यार्थ्यांची सहल नेली होती. त्यांनी तबकड्यांची रेखाटने केली आणि मी दोर कोठे बांधलेत ते पाहत राहिलो.

कोपऱ्यांविषयी एवढेच सांगतो की, प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक जीभ आणि एक खाच असावी, त्या एकमेकींत हाताने बसाव्यात, आणि तेथे सरस किंवा खिळा कदापि घालू नये. कापड बसवण्यापूर्वी दोरीने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट गुण्यात आहे. चुका तांब्याच्या किंवा पितळी असाव्यात; यंत्राचे टाके मारायचे तर न गंजणाऱ्या पोलादाचे. प्रत्येक कोपऱ्यात दोन, अशा आठ पाचरी. पाचर चौकटीच्याच लाकडाची, आणि तिची रेघ लांबीच्या दिशेने. प्रत्येक पाचरीला बारीक भोक पाडून ती दोऱ्याने चौकटीला बांधून ठेवावी. सुटलेली पाचर खालच्या पट्टी आणि कापड यांच्या मधे जाऊन बसते आणि चित्राच्या तळाशी फुगवटा येतो. जुन्या संग्रहांतल्या चित्रांच्या खालच्या कडेला हा फुगवटा पाहिला की आता मला न पाहताच कळते, मागे काय अडकले आहे.

आंबेगावचे ते चित्र मी दोन वर्षांनी जुन्या चौकटीवरून उतरवले. चुका एकेक करून काढायला तीन दिवस लागले. कडेचे कापड जागोजाग गेले होते, म्हणून मुंबईच्या एका जाणकाराच्या सल्ल्याने मागून चारही बाजूंना नव्या कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्या धरून चित्र आबांनी केलेल्या कडीपाटाच्या चौकटीवर ताणले. कोपऱ्यातल्या भेगा गेल्या नाहीत. आतल्या धारेची रेघ पुष्कळ फिकी झाली, पण तिरप्या उजेडात अजून दिसते, आणि ती नेमकी नदीच्या पाण्याच्या वरून जाते. पाहायला येणाऱ्यांपैकी कोणी ती धरणाच्या पाण्याची पातळी दाखवण्यासाठी मुद्दाम काढली आहे असे समजतात. मी आता खुलासा करीत नाही.

पाचरींबाबत एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळतो. श्रावणात कॅनव्हास सैल पडला, लाटेसारखा दिसू लागला, तरी हातोडीला हात लावीत नाही. त्या वेळी ताण दिला तर थंडीत सरस आकसल्यावर तो दुप्पट होतो आणि रंग तडकतो. कोजागिरी उलटून हवा कोरडी झाली की चित्र भिंतीवरून उतरवतो, चौकट आणि कापड यांच्या मधे पुठ्ठा सरकवतो आणि ज्या कोपऱ्यात ढील उरली असेल तेथल्या दोन्ही पाचरींना सारखेच, हलके ठोके देतो. गेल्या वर्षी खालच्या डाव्या कोपऱ्याला एकेकच ठोका पुरला. बाकीच्या पाचरी जागच्या जागी होत्या.